रात्री टॉर्च मारला तर दगडाखाली ब्रिसल वर्मच वर्म, रविवारी सगळे दगड उकळून काढू का?

बोरीकाठ_अमळनेर:
नमस्कार मंडळी. माझा तीन फुटी खाऱ्या पाण्याचा टँक आहे, साधारण दोनशे लिटरचा. क्लाउनफिशची जोडी, एक रॉयल ग्रामा मासा, दोन हर्मिट खेकडे, थोड्या गोगलगायी आणि कोरलमध्ये फक्त झोआ आणि मशरूम. परवा लाइट बंद झाल्यावर सहज मोबाइलचा टॉर्च मारला तर फटीफटीतून गुलाबी-तपकिरी अळ्या बाहेर आलेल्या, अंगाच्या दोन्ही बाजूंनी पांढऱ्या केसांचे झुपके, बऱ्याचशा बोटभर पण एक चांगली वीतभर होती. प्रकाश पडला की सर्रकन आत. त्यात मागच्या आठवड्यात माझा फायरफिश गेला, सकाळी बघतो तर त्याच्यावर या चारपाच जणी चिकटलेल्या, म्हणजे यांनीच मारला असणार ना? एक हाताने ओढायला गेलो तर ती तुटली आणि बोटात तिचे केस घुसले, अजून चुरचुरतंय. ज्यांच्याकडून सामान घेतो ते म्हणाले सगळे दगड बाहेर काढ आणि मोठ्या पातेल्यात उकळ, एकपण राहणार नाही. रविवारी सुट्टी आहे तेव्हा करायचा विचार आहे, आईचं धुणं तापवायचं पातेलं पण मागून ठेवलंय. कोणी केलंय का असं?

भुसावळ_जंक्शन:
कसाले उकळस रे भो!! थांब जरा. जाणकार येऊ दे.

तापीवरचा_नाना:
पातेलं आईला परत दे, आधी ते काम कर.

दगडावर झोआ आहेत म्हणतोस ना, मग उकळणं सोडच, गरम पाणी पण त्यावर ओतायचं नाही, बाहेर काढून ब्रशने खसाखसा घासायचं पण नाही. झोआ आणि त्याच्या जातभाई पॅलिथोआमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं विष असू शकतं आणि ते साधंसुधं नाही. दगड उकळला की ते वाफेबरोबर हवेत येतं, घरातले सगळे श्वासावाटे घेतात, मग ताप, थंडी, खोकला, धाप लागणं, छातीत दुखणं. २०१८ साली इंग्लंडात ऑक्सफर्डशायरमध्ये घरच्या टँकमधलं कोरल साफ करताना अख्खं कुटुंब दवाखान्यात गेलं होतं आणि मदतीला आलेल्या अग्निशमन दलाच्या लोकांना पण नेऊन दाखवावं लागलं. ज्यांनी तुला हा सल्ला दिला त्यांना दगडावर काय आहे हे विचारायचं सुचलं नाही याचं मला नवल वाटतं.

दुसरं म्हणजे दगड उकळला की त्यातले जिवाणू मेले. तुझं फिल्टर म्हणजे तो दगडच. अमोनिया खाऊन नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे तिथेच राहतात. उकळलेला दगड परत टाकशील तेव्हा आतल्या मेलेल्या अळ्या, शेवाळ, स्पंज सगळं सडेल, अमोनिया वर जाईल आणि मग क्लाउन पण जातील.

आता तिसरं. ही अळी तुझ्या टँकमधली झाडूवाली आहे. माशांचं उरलेलं खाणं, विष्ठा, मेलेलं काहीही ती खाते, वाळूत आणि फटीत जिथे तुझा हात पोचत नाही तिथे जाऊन खाते. फायरफिश तिने मारला नाही, मेल्यावर ती जेवायला आली. धडधाकट मासा तिच्या हाती लागत नाही. तेव्हा फायरफिश कशाने गेला ते वेगळं शोधावं लागेल. टँकचं तापमान किती होतं? आणि खायला किती घालतोस? खरं खरं सांग.

बोरीकाठ_अमळनेर:
बापरे, हे विषाचं माहीतच नव्हतं, पातेलं दिलं परत, आई म्हणाली कशाला मागितलं होतं तेच सांग आधी.

नाना, तापमान ३१ पर्यंत गेलं होतं. आमच्याकडे सखाराम महाराजांची यात्रा होती, वैशाखातलं ऊन, त्यात लाइट गेली की सगळंच बंद. घरात पाहुणे भरपूर आणि जो येतो तो टँकसमोर उभा राहतो, पोरं चिमटीने खाणं टाकतात, मोठी माणसं पण टाकतात. आईला तर वाटतं माशाने तोंड वर केलं म्हणजे त्याला भूक लागली, उपाशी ठेवणं बरं नाही म्हणून ती सकाळी पूजेनंतर एकदा घालते, मी ऑफिसातून आलो की घालतो आणि रात्री मुलगी घालते. फ्रोझन मायसिसचा (कोळंबीसारखे बारीक जीव) पूर्ण क्यूब असतो बहुतेक वेळा.

तापीवरचा_नाना:
मग सापडलं की सगळं. दोन छोटे क्लाउन आणि एक ग्रामा यांना दिवसाला अर्धा क्यूब भरपूर होतो. उरलेलं खाली जातं आणि त्यावर अळ्यांचं कुटुंब वाढतं. जेवढं अन्न तेवढ्याच त्या, हा साधा हिशेब आहे. आज सगळ्या उचलून फेकल्यास आणि खाणं तेवढंच ठेवलंस तर उरलेल्या चार पिल्लांपासून परत तेवढ्याच होतील. पाण्याचं नायट्रेट मोजून बघ, ते पण चढलेलं निघेल.

आणि ३१ डिग्री, पंप बंद, माशांना खायला भरपूर. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो आणि सडणारं अन्न आहे तोही ओढून घेतं. माझा संशय फायरफिशच्या बाबतीत यावर आहे.

धुळ्याची_त्वचावाली_ताई:
बोटाचं आधी बोलू. ओढून काढू नका आणि चोळू तर अजिबात नका, चोळलं की केस आत सरकतात आणि तुटतात. साधी सेलोटेप घ्या, जिथे चुरचुरतंय तिथे हलक्या हाताने चिकटवा आणि झटकन काढा, नवीन तुकडा घेऊन परत तेच. टेप उजेडात धरून बघा, त्यावर पांढरे बारीक काटे काचेच्या चुऱ्यासारखे चमकताना दिसतील, ते दिसायचे थांबले की पुरे. मग पांढरं व्हिनेगर किंवा स्पिरिट लावा. बहुतेकांचं दोनतीन दिवसांत थांबतं. सूज वाढत गेली, पू झाला, ताप आला किंवा श्वासाला त्रास झाला तर घरगुती उपाय करत बसू नका, डॉक्टरकडे जा. स्टिरॉइडचं मलम कोणाच्या सांगण्यावरून लावू नका, मी पण इथे लिहून देणार नाही.

आणि टँकमध्ये हात घालताना जाड रबरी हातमोजे, भांडी घासायचे असतात तसे चालतील पण नवीन, साबण न लागलेले. पातळ डिस्पोजेबल मोज्यातून हे काटे आरपार जातात. झोआ असल्यामुळे मोजे तसेही हवेतच, आणि हाताला जखम असेल तर हात घालूच नका.

बोरीकाठ_अमळनेर:
ताई धन्यवाद, टेपने खरंच निघाले. खाजकुयली लागल्यासारखं झालं होतं, आता बरंय.

शहादेकर_पाटील:
माझं मत वेगळं आहे, राग मानू नका नाना. मी स्वतः रात्री बघितलंय, माझ्या लेदर कोरलवर अळ्या चढलेल्या आणि सकाळी तिथे खड्डा. मग त्या कोरल खातात असं नाही तर काय म्हणायचं? मी तर म्हणतो गुरांच्या जंताचं औषध घाला, फेनबेन्डाझोल, आमच्याकडे जनावरांच्या दवाखान्याबाहेर सहज मिळतं, स्वस्त आहे. अळी म्हणजे जंतच की शेवटी.

तापीवरचा_नाना:
पाटील साहेब, राग कसला. पण जंत आणि ही अळी एक नव्हेत. ही गांडुळाच्या कुळातली, म्हणजे ॲनेलिडा, त्यातल्या पॉलिकीट गटातली. फेनबेन्डाझोलने ती मरते हे खरं आहे, पण तिच्याबरोबर फेदर डस्टर (पिसांच्या तुऱ्यासारख्या दिसणाऱ्या निरुपद्रवी अळ्या) मरतील, गोगलगायींना बाधेल, झेनियासारखी सॉफ्ट कोरल जाऊ शकतात, आणि औषध दगडात मुरून बसतं, पुढे बरेच दिवस गोगलगाय टाकली की मरते. शिवाय एका रात्रीत शेदोनशे अळ्या दगडाच्या आत मेल्या तर त्यांचा अमोनिया कोण काढणार? तांब्याचं औषध पण तसंच, खेकडे आणि कोळंबी पहिल्यांदा जातील.

लेदरचं म्हणाल तर लेदर अधूनमधून वरची साल टाकतं, तेव्हा आठवडाभर मलूल दिसतं, आणि साल नीट सुटली नाही तर तिथे सडतं. सडलं की अळी येते. तुमच्या केसमध्ये अळी आधी की सड आधी हे मी इथे बसून सांगू शकत नाही, पण मी पैज सडीवर लावीन.

शहादेकर_पाटील:
पैज नको, पण मला अजून पटलेलं नाही. खड्डा मी डोळ्यांनी बघितलाय.

सातपुड्याचा_मासेवाला:
दोघांचं पण बरोबर असू शकतं, कारण ब्रिसल वर्म म्हणजे एकच प्राणी नाही. तीन गोष्टी वेगळ्या ओळखायला शिका.

आपल्याकडे नेहमी दिसते ती गुलाबी-राखाडी, पांढरे झुपके, लाजरी, प्रकाश पडला की पळणारी. त्यातली युरिथो कॉम्प्लॅनाटा ही जगभरातल्या गरम समुद्रात सापडते, काटे टोचतात पण कोरलला त्रास नाही. दुसरी खरी फायरवर्म, हर्मोडिस कॅरुनक्युलाटा. ही अंगाने जाड, झुपक्यांच्या बुडाशी लालभडक कल्ले, डोक्यावर मांसल तुरा, आणि ही कोरल खरंच खाते. पण ही अटलांटिक, कॅरिबियन आणि भूमध्य समुद्राकडची, आपल्याकडे येणारा माल बहुतेक इंडोनेशियाकडचा, त्यामुळे ती निघायची शक्यता कमी. तिसरी युनिसिड. हिला केसांचे झुपके नावालाच, अंग गांडुळासारखं गुळगुळीत आणि उजेडात इंद्रधनुष्यासारखं चमकतं, डोक्यावर पाच मिशा आणि तोंडात जबडे. लेदरमध्ये रातोरात खड्डा पाडणारी म्हटलं तर मी आधी हिच्याकडे बघीन. बॉबिट वर्म ही हिचीच मोठी बहीण. २००९ मध्ये इंग्लंडातल्या न्यूकीच्या ब्लू रीफ ॲक्वेरियममध्ये कोरल कुरतडली जात होती, मासे जखमी होत होते आणि कळेना कोण करतंय, शेवटी सगळे दगड उपसले तर चार फुटी निघाली.

पाटील, तुम्ही बघितली तिच्या डोक्याचा फोटो आहे का? मिशा मोजता येतील असा?

शहादेकर_पाटील:
फोटो नाही. पण चमकत होती. झुपके बघितल्याचं आठवत नाही.

सातपुड्याचा_मासेवाला:
मग तुमचं प्रकरण वेगळं आहे साहेब. ती ज्या दगडात राहते तो दगड हेरा, रात्री लाल प्रकाशात बघा, लाल उजेडाला या फार बुजत नाहीत. टॉर्चला लाल जिलेटिन पेपर लावला तरी काम होतं. मग तेवढाच दगड काढून वेगळ्या बादलीत ठेवून बंदोबस्त करा. अख्ख्या टँकमध्ये जंताचं औषध नको.

नंदुरबारी:
मी सुरतेहून सामान आणतो, जवळ पडतं. तिथे एकाने सांगितलं की सिक्सलाइन रॅस मासा टाक, सगळ्या अळ्या साफ. टाकला. छोट्या खाल्ल्या त्याने हे खरं, पण मोठ्यांना हात लावत नाही आणि आता माझ्या बाकीच्या माशांना कोपऱ्यात कोंडून ठेवतो, नवीन मासा टाकायची सोय राहिली नाही. पकडायला गेलं तर दगडात. दोनशे लिटरमध्ये टाकायच्या आधी विचार करा.

तापीवरचा_नाना:
हे महत्त्वाचं सांगितलंस. माशाला माशासाठी घ्यायचं, औषध म्हणून नाही. ॲरो क्रॅब अळ्या खातो, पण मोठा झाला की झोपलेल्या छोट्या माशांवर पण हात टाकतो. कोरल बँडेड श्रिंप या कोळंबीचं तेच. कॉपरबँड बटरफ्लाय सुंदर दिसतो म्हणून लोक घेतात, तो दोनशे लिटरचा मासा नाही आणि जेवायलाच तयार होत नाही, आपल्या अळ्या संपवायच्या आधी स्वतःच वाळतो.

बोरीकाठ_अमळनेर:
मग मी नक्की काय करू? खाणं कमी केलंय, आईला समजावलंय, डबा आता कपाटात कुलपात. पण ती वीतभर आहे तिची भीती वाटते मुलीमुळे, ती हात घालते कधीकधी.

तापीवरचा_नाना:
मोठ्या तेवढ्या सापळ्याने काढायच्या. औषधाची छोटी प्लास्टिकची बाटली घे, धुऊन स्वच्छ, टोपणाला स्ट्रॉ जाईल एवढं भोक पाड, स्ट्रॉचा दोन बोटं तुकडा आत सरकव. बाटलीत कोळंबीचा तुकडा आणि बुडाला दोन खडे म्हणजे तरंगणार नाही. टँकचा लाइट बंद झाल्यावर वाळूवर आडवी ठेव, स्ट्रॉचं तोंड दगडाकडे. त्या वासाने आत शिरतात आणि परत ते भोक त्यांना सापडत नाही. पहाटे उजेड व्हायच्या आत काढायची, उशीर केलास तर काही निघून जातात.

दुसरा प्रकार जुना नायलॉनचा मोजा, त्यात आमिष बांधून टाकायचं. काटे जाळीत अडकतात आणि अळी मोज्यासकट उचलता येते. वीतभरवाली स्ट्रॉमध्ये मावणार नाही, तिच्यासाठी मोजाच. किंवा लांब चिमटा, पण ओढाताण नको. तुटली तर बऱ्याच जातींत तुकड्याला परत शेपूट फुटते, आणि दगडात अडकलेला अर्धा भाग मेला तर तिथेच सडतो.

भुसावळ_जंक्शन:
कोळंबी आणायची कुठून हा पण प्रश्न आहे. इथे बाजारात तापीचे मासे मिळतात, समुद्री कोळंबी फ्रोझन मिळाली तर मिळाली. सुकट चालेल का, आठवडी बाजारात ढिगाने असते?

सातपुड्याचा_मासेवाला:
चालते, पण आरओच्या पाण्यात भिजवून दोनदा पाणी बदल. बाजारातल्या सुकटीला काय काय फवारलेलं असतं सांगता येत नाही. फ्रोझन मायसिसचाच तुकडा वापर ना, घरात आहे तो. आणि हो, तो क्यूब टँकमध्ये तसाच सोडू नका कोणी, चहाच्या गाळणीत वितळवून आरओच्या पाण्याने धुऊन मग मासे जेवढं दोन मिनिटांत संपवतील तेवढंच. त्या गढूळ पाण्यानेच निम्मा कचरा होतो.

खारटपणा_चाळीसगाव:
मधेच विचारतो, मालवणला चाललोय पुढच्या महिन्यात, किनाऱ्यावरून दोनचार दगड आणले तर? फुकटात लाइव्ह रॉक, म्हणजे जिवाणू असलेला जिवंत दगड.

तापीवरचा_नाना:
नको. मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, आणि दगडी कोरलच्या सगळ्या जाती २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या अनुसूची एकमध्ये आहेत, म्हणजे वाघाला जे संरक्षण तेच. काळं कोरल, समुद्रपंखा पण त्यात. किनाऱ्यावरचा कुठला दगड मेलेल्या कोरलचा आणि कुठला साधा हे तुला कळणार नाही, पकडणाऱ्याला मात्र कळेल. कोरडा दगड विकत घे, जिवाणू बाटलीतून घाल, धीर धर. मालवणला मासे खा आणि परत ये.

धुळ्याची_त्वचावाली_ताई:
उन्हाळ्याचं कोणीच पूर्ण बोललं नाही म्हणून सांगते, माझा टँक धुळ्यात चिलरशिवाय, म्हणजे पाणी थंड करायच्या यंत्राशिवाय चाललाय. आपली हवा कोरडी आहे त्याचा फायदा घ्या. टँकवर दोन छोटे पंखे तिरके लावा, पाणी उडून जातं तशी उष्णता जाते, दोनतीन डिग्री सहज उतरतात. त्याच खोलीत पाण्याचा कूलर लावू नका, हवा दमट झाली की पंख्याचा उपयोग संपला. पावसाळा लागला की पण हेच होतं. पाणी मात्र भयंकर उडतं, मीठ मागेच राहतं, म्हणून रोज आरओचं गोडं पाणी घालून पातळी सारखी ठेवायची. ग्रॅव्हिटी, म्हणजे खारटपणाचं माप, १.०२५ वरून हलू द्यायची नाही. बोअरचं पाणी घालू नका. लाइट जाते म्हणून बॅटरीवरचा एअर पंप घेऊन ठेवा, माशांच्या दुकानात मिळतो.

बोरीकाठ_अमळनेर:
अपडेट देतो. पंखे लावले, तापमान २८ च्या आत आलं. मोज्यात ती वीतभरवाली आली, बघूनच मुलगी दोन फूट मागे, आता ती टँकमध्ये हात घालणार नाही याची मला खात्री आहे. बाटलीत पण आल्या चांगल्या. दिवसा आता एकपण बाहेर दिसत नाही, रात्री दिसतात पण आधीइतक्या नाही, आणि वाळू खरंच स्वच्छ आहे हे मान्य. उरलेल्यांना राहू देतोय. पकडलेल्या बादलीत आहेत खाऱ्या पाण्यात. गोड्या पाण्यात टाकून मारू का?

तापीवरचा_नाना:
गोड्या पाण्यात मरतात लगेच. पण मेल्यावरही काटे टोचतातच, तेव्हा नुसत्या हाताने उचलायच्या नाहीत, कोंबड्याबिंबड्यांना घालायच्या नाहीत आणि नदीत तर नाहीच. कागदात गुंडाळून कचऱ्यात.

भुसावळ_जंक्शन:
मारू नको भो!! मले दे त्या. मी नवीन टँक लावून राह्यलो, सगळा कोरडा दगड, आत एक जीव नाही, वाळूत तपकिरी शेवाळ आणि कचरा नुसता. छोट्या छोट्या दहापंधरा दे, ती वीतभरवाली तुझी तूच ठेव.

बोरीकाठ_अमळनेर:
घे की. शनिवारी सुरत-भुसावळ पॅसेंजरने मामाकडे यायचंच आहे. डब्यात टँकचंच पाणी घालून आणतो, झाकणाला भोकं पाडून.

सातपुड्याचा_मासेवाला:
डबा अर्धाच भर, वर हवा राहू दे, आणि ओल्या फडक्यात गुंडाळ, गाडीत तापतो. आणि भुसावळकर, टँकमध्ये सोडायच्या आधी एकेक पांढऱ्या ताटलीत काढून बघ, चमकणारी आणि मिशावाली निघाली तर घेऊ नको, अमळनेरलाच परत पाठव.

भुसावळ_जंक्शन:
ताटली घरून मिळणार नाही. पेपर प्लेट चालंल ना?